बुधवारचा ऑफ तास

"हलू नका ना," चित्रकलेच्या बाई म्हणाल्या आणि टाचणी सरळ माझ्या खांद्यात घुसली. स्टाफरूमच्या दारात त्या पुठ्ठ्याचं खोकं घेऊन उभ्या होत्या आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला एकेक पिवळा बिल्ला लावत होत्या. बिल्ल्यावर बॅटरीचं चित्र आणि खाली अक्षरं, 'माझी बॅटरी फुल्ल'. शाळेत कागद, पुठ्ठा, रंग असं काहीही लागलं की ते यांच्याच गळ्यात पडतं, तसे संस्थेनं फर्मावलेले हे बिल्लेही पडले होते. डोळे तांबारलेले, नखांच्या कडेला पिवळा रंग वाळलेला. "झोप झालेली दिसत नाही," मी म्हटलं. "विचारूच नका. सगळ्या स्टाफचे बिल्ले, आणि त्यात लेकाला ताप." एवढं बोलून त्यांनी माझा बिल्ला सरळ केला आणि मागच्या माणसाकडे वळल्या. त्यांच्या स्वतःच्या खांद्यावरही बॅटरी फुल्ल होती. एरवी मला हसू आलं असतं. त्या दिवशी मात्र टाचणीचं निमित्त झालं आणि डोक्यात जी तिडीक गेली ती पहिला तास संपला तरी उतरेना. सातवीला चुंबकाचे गुणधर्म सांगत होते आणि मनात एकच, की हा प्रकार चाललाय काय. दमलेल्या माणसाला आणखी दमवायचं, आणि वर त्याच्याकडूनच त्याच्या अंगावर लिहून घ्यायचं की तो दमलेला नाही.

वर्षाचा मधला काळ असतोच तसा. पहिल्या सत्राचे पेपर तपासून झालेले असतात, पालकांची तोंडं बघून झालेली असतात, नव्या वह्यांचा वास केव्हाच गेलेला असतो आणि वार्षिक परीक्षा इतकी लांब असते की तिची भीतीही वाटत नाही. चालत्या गाडीला ढकलायला लागावं तसं रोज स्वतःला ढकलत शाळेत न्यायचं. यंदा त्यात भर म्हणून दोन शिक्षक मध्येच नोकरी सोडून गेले, इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि या सगळ्यांचे वर्ग उरलेल्यांच्या ऑफ तासांवर वाटले गेले. ऑफ तास म्हणजे ज्या तासाला आपल्याला वर्ग नाही तो. वह्या तपासायचा, पाणी प्यायचा, पाय जरा लांब करायचा. माझे ऑफ तास एकेक करून गेले आणि आठवड्यातून एकच उरला, बुधवारचा, मधल्या सुट्टीनंतरचा. माणसं कमी, काम जास्त, म्हणून माणसं दमली, हे पहिलीतल्या पोरालाही कळेल. पण आमच्या संस्थेला ते असं दिसलं की शिक्षकांचा उत्साह कमी झालाय. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. माणसं भरायची सोडून त्यांनी प्रेरणा देणारा एक गृहस्थ आणला, आणि हेडसरांनी फळ्यावर सूचना लिहिली की दर बुधवारी मधल्या सुट्टीनंतर सर्व शिक्षकांनी सभागृहात जमायचं आहे, तेवढा वेळ वर्ग मॉनिटर सांभाळतील. त्या तासाला त्यांनी प्रेरणा तास असं नाव दिलं होतं. सूचना मी दोनदा वाचली, कारण तो एकच तास माझा होता, आणि खरं म्हणजे माझाही नव्हता.

त्या तासाला सातवी 'ब'ची सहा मुलं माझ्याकडे प्रयोगशाळेत येत. वर्गात सांगायचं ते असं, की परीक्षानळ्या धुवायला बोलावलंय. बाकीच्या मुलांना त्यांचा हेवा वाटे. बाईंचे लाडके, तास बुडवून मजा करतात, असं बोललं जाई, आणि ती सहा जणं ते ऐकून ऐटीत चालत येत. एकदा दार लावलं की ऐट उतरायची. या सहा जणांना वाचता येत नव्हतं. सातवीत. अक्षरं ओळखायची, काना-मात्रा लावून शब्द कसाबसा ओढायची, आणि जोडाक्षर आलं की गाडी खड्ड्यात. सहा वर्षं त्यांना कोणी ना कोणी पुढे ढकललं होतं, आणि ढकलणारे सगळे माझ्याच स्टाफरूममध्ये चहा पीत होते. मी भाषेची शिक्षिका नाही, मला ते शास्त्रशुद्ध जमत नाही. मी कपाटातल्या बरण्या काढून ठेवायची आणि त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या वाचायला लावायची. मीठ. चुना. तुरटी. गंधक. मग स्फटिक आलं की सगळे थांबायचे. त्यात एक मुलगी होती, तिला मी मनातल्या मनात वकीलबाई म्हणायची. इतकी तोंडाळ, इतकी हजरजबाबी, की तिला वाचता येत नाही हे माझ्याही लक्षात यायला निम्मं सत्र गेलं. वर्गात वाचायची पाळी आली की ती असा काही प्रश्न विचारायची की शिक्षक उत्तर देण्यातच गुंतायचा. 'स्त्र' हे अक्षर पहिल्यांदा दाखवलं तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "बाई, हे अक्षर आहे का गर्दी?" मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. गेल्या पंधरवड्यात ती 'पुस्तक' वाचायला लागली होती. बोट ठेवून, श्वास धरून, पण कोणी न सांगता. इतकी वर्षं नोकरी केली. त्या 'पुस्तक'नं जी तरतरी आली ती कुठल्या बढतीनं आली नव्हती. बुधवारच्या त्या तासाच्या जोरावर मी गुरुवार-शुक्रवार काढायची, आणि सोमवार-मंगळवार त्याची वाट बघत.

आणि परीक्षानळ्यांचं नाटक का, तर माझा थोरला भाऊ. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, आणि घरात सगळ्यांत देखणा. रोज सकाळी बाबांच्या शेजारी बसून तोही पेपर उघडायचा. बाबांनी पान उलटलं की जरा वेळाने तोही उलटायचा. मला त्याचं फार कौतुक. घरात कुठून काही छापील कागद आला, सिनेमाची जाहिरात असो की औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, तो माझ्याकडे द्यायचा आणि म्हणायचा, "तू वाच, तुझा आवाज छान आहे." मी वाचायची. मला वाटायचं माझा आवाज खरंच छान आहे. माझं लग्न ठरलं तेव्हा कुठे वहिनीनं मला सांगितलं, तेही हळू आवाजात, भांडी पुसता पुसता, की त्यांना वाचता येत नाही, तुम्हाला माहीत असेलच. मला माहीत नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं. दादा सातवीतच असताना त्याला मास्तरांनी उभं करून वाचायला लावलं होतं, आणि मुलं हसली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत गेलाच नाही, पोटात दुखतं म्हणाला, आणि ते पोटातलं दुखणं बघता बघता आयुष्यभर पुरलं. मारलं असतं तर परत गेला असता. हसले म्हणून नाही गेला. आता त्याचं सायकलींचं दुकान आहे, बरं चाललंय, गिऱ्हाइकं त्याच्यावर जीव टाकतात. अजूनही मी गेले की तो एखादा कागद पुढे करतो आणि मी काही न बोलता मोठ्यानं वाचते. या वयात, असा आवाज बसलेला असताना.

तर मी हेडसरांकडे गेले. हेडसर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते, कारण रागात मी त्यांच्याबद्दल पुढे काय बोलेन याचा नेम नाही. टेबलावर दोन फोन, एक वाजत होता आणि ते उचलत नव्हते. चष्म्याची काडी चावत बसले होते. ती काडी इतकी चावलेली आहे की टोकाला तिचा ब्रश झालाय. "सर, बुधवारचा तो तास मला जमणार नाही," मी म्हटलं. "का?" "काम असतं." "काय काम, बाई?" आता इथे खरं सांगायचं की नाही. सांगितलं तर सरांना आनंद होणार, आणि सरांना आनंद झाला की तो त्यांच्यापाशी राहत नाही. आमच्या शाळेत काहीही बरं घडलं की ते दुसऱ्या दिवशी स्पीकरवर येतं. प्रत्येक वर्गात भिंतीवर डबा आहे आणि त्यातून सरांचा आवाज. मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते. "परीक्षानळ्या धुवायच्या असतात," मी म्हणाले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "परीक्षानळ्या शिपाईमामा धुतील. बाई, तुम्ही तरी असं करू नका. तुमच्याकडे बघून बाकीचे चालतात. मला वरून रोज विचारतात, स्टाफमध्ये जान का नाही. काय सांगू? माझीच जान कुठंय ते मला सापडत नाही." शेवटचं वाक्य ते इतकं सरळ बोलले की माझा राग जागच्या जागी अडखळला. मी बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून स्वतःवरच चिडले, की आपल्याला लोकांची दया फार लवकर येते.

पहिल्या बुधवारी सभागृहात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. प्रेरणावाला अगदी तरुण, दात स्वच्छ, बूट त्याहून स्वच्छ. आयुष्यात एकदाही साठ मुलांच्या वर्गाला "खाली बसा" म्हणालेला नसणार. त्यानं आम्हाला उभं केलं, उजव्या शेजाऱ्याची पाठ थोपटायला लावली, मग डाव्या. मग फुगे वाटले. आपला सगळा थकवा फुग्यात भरायचा आणि टाचणीनं फोडायचा. गणिताच्या सरांना दमा आहे, ते बिचारे फुंकत राहिले आणि फुगा काही फुगेना, तेव्हा प्रेरणावाला त्यांच्यापाशी जाऊन म्हणाला, "सर, तुम्ही मनातून अडवताय." अरे बाबा, ते छातीतून अडतंय. मनातच म्हटलं आणि माझा फुगा फोडला. फटाफट फुगे फुटत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळेचं कुलूप. घरी जाताना वकीलबाई फाटकापाशी थांबली होती. "बाई, आज का नाही बोलावलंत?" "मीटिंग होती." "पुढच्या बुधवारी?" "बघू." "बघू म्हणजे नाही," ती म्हणाली. "आमच्या घरी पण असंच असतं." आणि दप्तर पाठीवर उडवत निघून गेली. बांध घालावा तसं मी त्या पोरांना आठवड्याला एकेक मूठ माती टाकून अडवून धरलं होतं, आणि एक आठवडा गेला की काय काय वाहून जातं ते मला माहीत होतं.

दुसऱ्या बुधवारी फुगे नव्हते. प्रत्येकानं उभं राहून सांगायचं होतं की आपली ऊर्जा कुठून येते. एकेक जण उठत गेला. मुलांच्या निरागस हास्यातून. संस्थेच्या परंपरेतून. सकाळी फिरायला जाण्यातून. चित्रकलेच्या बाई उठल्या, "घरच्यांच्या पाठिंब्यातून," म्हणाल्या आणि बसताना त्यांचा तोल गेला, शेजारच्यांनी धरलं. प्रत्येक उत्तरानंतर तीन टाळ्या, एका तालात. माझ्या कानाच्या पाळ्या तापायला लागल्या. आमच्या आईला असं व्हायचं. ती म्हणायची, कान तापले की तोंड आवरायचं. माझी पाळी आली. "बाई, तुमची ऊर्जा कुठून येते?" त्या मुलानं मान तिरकी करून, माझ्यावर माया असल्यासारखं विचारलं, आणि मी बोलायला लागले ते थांबलेच नाही. म्हटलं, माझी ऊर्जा ज्या तासातून येते तो तास तुम्ही खाल्लात. आत्ता, या मिनिटाला, मी प्रयोगशाळेत सातवीच्या सहा मुलांना वाचायला शिकवत असते. हो, वाचायला. सातवीच्या मुलांना. त्यांना वाचता येत नाही, आणि या खोलीतल्या प्रत्येकानं त्यांना कधी ना कधी पास केलंय, मी धरून. आम्हाला प्रेरणा नकोय. आम्हाला माणसं पाहिजेत आणि वेळ पाहिजे. दमलेल्याला तुम्ही टाळ्या वाजवायला लावता, दम्याच्या माणसाला फुगे फुगवायला लावता, जिचं पोर तापानं फणफणलंय तिला बिल्ले करायला बसवता आणि वर विचारता उत्साह का नाही. उत्साह आहे. आम्ही रोज इथे येतो, यातच तो आहे. तुम्ही तो वापरून संपवताय. असं काय काय बोलले. आवाज चढला होता आणि मला तो छान वाटत होता, अगदी दादा म्हणायचा तसा.

बोलून मी खाली बसले. मला वाटलं आता काहीतरी होणार, कोणीतरी खाली मान घालणार, कोणीतरी उलट बोलणार, निदान हेडसर मला केबिनमध्ये बोलावणार. आणि प्रेरणावाल्यानं टाळी वाजवली. एकच, सावकाश. मग दुसरी. मग सगळ्यांनी. गणिताचे सर उभे राहून वाजवायला लागले. त्या मुलाच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "हीच," तो म्हणाला, "हीच ती आग, जी मी शोधत होतो." मी आग लावायला गेले होते आणि त्यांनी तिच्यावर हात शेकून घेतले. हेडसर गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "बाई, आधी का नाही सांगितलंत? बुधवारचा तास तुमचा. आज मला पहिल्यांदा वाटलं की या शाळेत काहीतरी चाललंय." खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. मी जिंकले होते. जिन्यातच त्यांनी विचारलं, "मुलं कोणती, नावं द्या, म्हणजे वर्गात त्यांची गैरहजेरी लागायला नको." व्यवहाराचीच गोष्ट होती ती. मी घडाघडा सहाच्या सहा नावं सांगून टाकली. घरी नवऱ्याला सगळं साग्रसंगीत ऐकवलं. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "तुला राग आला की तू खरं बोलतेस, आणि खरं बोलून झालं की तुला भूक लागते. वाढू?" मी पोटभर जेवले आणि उशीला डोकं टेकताच झोपले. पहाटे मात्र उगीचच जाग आली. काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं, गॅस, कुलूप, काहीतरी. उठून दोन्ही बघून आले आणि पुन्हा झोपले.

पुढच्या बुधवारी मी मधली सुट्टी संपायच्या आधीच प्रयोगशाळा उघडली. बरण्या काढून ओळीनं मांडल्या. घंटा झाली, आणि भिंतीवरचा डबा खरखरला. हेडसरांचा आवाज, इतका ताजा मी त्यांचा आवाज वर्षभरात ऐकला नव्हता. आपल्या शाळेत एक अत्यंत प्रेरणादायी उपक्रम सुरू आहे. आपल्या विज्ञानाच्या बाई ज्या विद्यार्थ्यांना वाचता येत नाही अशा विद्यार्थ्यांना स्वतःचा मोकळा वेळ देऊन वाचायला शिकवतात. त्यांचं आपण सर्वांनी अभिनंदन करू या. सातवी 'ब'च्या पुढील विद्यार्थ्यांनी वाचनासाठी ताबडतोब प्रयोगशाळेत जावं. आणि सहा नावं. आडनावांसकट, एकेक, सावकाश, म्हणजे कोणाचं राहून जाऊ नये. तिसऱ्या नावाला मी धावले. केबिन खालच्या मजल्यावर आहे आणि माझे गुडघे आता धावायचे राहिले नाहीत. पाचव्या नावाला मी जिन्याच्या वळणावर होते. सहावं नाव वकीलबाईचं. ते ऐकलं आणि थांबले, कारण आता पोचून काही उपयोग नव्हता. वरच्या मजल्यावरून, सातवीच्या बाजूनं, हसण्याचा आवाज आला. मोठा नव्हता तो. एका बाकापासून सुरू होऊन बाकाबाकानं पुढे सरकावा तसा.

मला सांगा, कोणावर रागवायचं? सरांवर रागवायचं तर त्यांनी माझा तास मला परत दिला, तोही सन्मानानं. त्या प्रेरणावाल्यावर रागवायचं तर त्यानं निदान ऐकून घेतलं. संस्थेवर मी कायमच रागावलेली आहे, तिथे नवीन राग ठेवायला जागा नाही. आणि मी? माझं काय चुकलं? शब्दन्शब्द खरा होता. भर सभेत खरं बोलले, ज्यांना कधी कोणी बोललं नव्हतं त्यांना बोलले, आणि त्या खऱ्याची किंमत दुसऱ्याच्याच खिशातून गेली. ती सहा नावं माझी नव्हतीच. मला नुसती सांभाळायला दिली होती. मी परत वर आले, स्टुलावर बसले आणि वाट बघितली. कोणी आलं नाही. पलीकडे सभागृहात टाळ्या चालल्या होत्या, तीन-तीनच्या तालात. त्या टाळ्यांमध्ये माझंही नाव असणार, उदाहरण म्हणून. संताप संताप झाला नुसता, आणि तो कुठे टाकू ते कळेना.

मग दारात वकीलबाई उभी. आत आली नाही. चेहऱ्यावर रडू नव्हतं, उलट चेहरा घट्ट होता, मोठ्या बाईसारखा. "बाई," ती म्हणाली, "माझं नाव चुकून आलंय." मी म्हटलं, "आत ये." "नाही. माझं नाव चुकून आलंय. आम्हा सगळ्यांचंच चुकून आलंय. तुम्ही वर्गात येऊन सांगा." "अगं, आपण हळूहळू..." "आत्ता," ती म्हणाली. "आत्ता सांगा. नाहीतर मी उद्यापासून येणार नाही." तिनं धमकी दिली नव्हती; ती नुसतं पुढे काय होणार ते सांगत होती, आणि दादाला तेव्हा कोणी असं सांगायची संधीही दिली नव्हती. मी उठले. व्हरांड्यातून आम्ही दोघी चालत गेलो, ती पुढे, मी मागे. तास मॉनिटरच्या हवाली होता, वर्गात गलका होता. मला बघून गलका थांबला. ती पाच जणं पाच बाकांवर खाली मान घालून होती, आणि त्यांच्या आजूबाजूची मुलं जरा सरकून बसली होती. मी टेबलापाशी उभी राहिले.

"स्पीकरवर जी नावं आली," मी म्हणाले, "ती चुकीची आहेत. माझ्याकडून घोटाळा झाला. ती नावं परीक्षानळ्या धुणाऱ्यांची होती. वाचनाची मुलं वेगळी, दुसऱ्या वर्गातली. मी दोन कागद एकत्र केले आणि सरांना नको तो दिला." वर्गाचा विश्वास बसला नव्हता, पण बसवायची तयारी होती. काहीतरी एक हवं होतं, नुसता एक धक्का. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "म्हणजे बाई, यांना वाचता येतं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत, दारातून वकीलबाईचा खणखणीत आवाज आला. "आम्हाला येतं रे. बाईंनाच वाचता येत नाही."

माझा राग शाळेत प्रसिद्ध आहे. एवढ्याशा बोलण्यावरून मी मुलांना तासभर बाहेर उभं केलेलं आहे. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघत होता. मी तिच्याकडे बघितलं. तीही माझ्याकडे बघत होती, सरळ, डोळे न मिटता, आणि तिची हनुवटी थरथरत होती. "हो," मी म्हणाले. "नाही येत. म्हणूनच घोटाळा झाला." आणि वर्ग फुटला. बाकं बडवून हसायला लागली पोरं. बाईंना वाचता येत नाही, बाईंना वाचता येत नाही, असं एकजण म्हणायला लागला आणि सगळ्यांनी धरलं. ती पाच जणंही हळूच माना वर करून हसायला लागली. सगळ्यांत मोठ्यानं ती हसत होती. तिच्या बाकावरच्या दोघी सरकल्या, मध्ये जागा झाली, आणि ती जाऊन त्या जागेत बसली, एकीच्या खांद्यावर हात टाकून.

मी वर्गाबाहेर आले. आता हे असं झालं, की ती बुधवारी माझ्याकडे येऊ शकत नाही. परीक्षानळ्या धुवायलासुद्धा नाही. ते निमित्तही आता संपलं, कारण आता कोणीही सहा जण प्रयोगशाळेकडे निघाले की वर्गाला आजचा दिवस आठवणार. तिनं आपली अब्रू राखली, मला मध्ये घालून राखली, आणि बरोबर केलं. तास मला मिळाला आहे. वेळापत्रकात माझ्या नावापुढे लाल शाईनं लिहिलाय, सरांनी स्वतः. वर्ष अजून निम्मं उरलंय, आणि तिला 'पुस्तक'च्या पुढची जोडाक्षरं वाचता येत नाहीत.